गॅरेजचं दार बंद होईना

आमच्या घराला पुढचं दार आहे आणि ते दिसायलाही झकास आहे. संगमरवरी पायऱ्या, पितळी कडी, दोन्ही बाजूंना कुंड्या. फक्त त्यातून कोणी येत नाही. आमच्या बोर्ली पंचतन गावातलं माझ्या ओळखीचं जे कोणी आहे, ते गल्लीकडून गॅरेजमध्ये शिरतं आणि तिथून थेट माझ्या स्वयंपाकघरात येतं. पुढची बेल वाजली की आम्ही समजतो, मीटर बघणारा आलाय.

गॅरेज हे माझ्या नवऱ्याचं स्वप्न. त्यांचं नाव सिराजुद्दीन. मी त्यांना आमच्या मुलाच्या नावाने अरमानचे अब्बा म्हणते आणि चिडले की काहीच म्हणत नाही, नुसती भांडी आपटते. अख्खी जवानी त्यांनी परदेशात, दम्मामला काढली, एका कंपनीच्या वसाहतीत एसी दुरुस्त करण्यात. तिथल्या साहेबलोकांच्या गॅरेजना बटणावर चालणारी दारं होती. साहेब गाडीत बसल्या बसल्या बटण दाबणार, दार वर जाणार, गाडी आत, दार खाली. "रहिमा, आपल्या घराला असंच दार लावायचं," हे मी फोनवर इतकी वर्षं ऐकलं की दार खरोखर लागलं तेव्हा मला ते जुनंच वाटलं.

मागच्या वर्षी ते कायमचे परत आले आणि या दिवाळीच्या सुमारास दार आलं. बसवणारे दोघं पनवेलहून आले होते. त्यांनी छताला मोटर टांगली, दोन्ही बाजूंना रूळ ठोकले आणि खाली दाराच्या दोन पायांशी समोरासमोर दोन छोटे डोळे बसवले. एका डोळ्यातून दुसऱ्याकडे न दिसणारा किरण जातो. मध्ये काही आलं की दार खाली यायचं थांबतं आणि परत वर जातं, म्हणजे कोणी चिरडत नाही. ती माणसं गेल्यावर यांनी ते डोळे सोडवून आणखी खाली घेतले, पार जमिनीलगत. कारण माझी कोंबडी तेव्हा पिल्लं घेऊन फिरत होती आणि एवढंसं पिल्लू किरणाखालून जाऊन दारात सापडेल अशी यांना धास्ती. माणूस मनाने असा आहे. म्हणून तर त्यांच्यावर राग धरता येत नाही.

त्याच संध्याकाळी दार बंद होईना. बटण दाबलं की हातभर खाली यायचं, थबकायचं, दिवा मिचकवायचं आणि आपलं परत वर. यांनी पुन्हा दाबलं, ते पुन्हा वर.

त्यात त्याच आठवड्यात मुसअबचा फोन आला. मुसअब म्हणजे यांचा भाचा, दम्मामला त्याच कंपनीत आहे. म्हणाला, "मामू, नवीन पोरांना जुनी मशिनं समजत न्हायत. साहेब तुम्हालाच मागतोय. दोन वर्षं या. पुढच्या जुम्म्यापर्यंत सांगा." यांनी फोन ठेवला तेव्हा चेहरा उजळलेला होता. त्यांनी कपाटातून कंपनीचे जाडजूड बूट काढले, पॉलिश केले आणि पलंगाखाली जोडीने ठेवून दिले.

"इथं मला काम काय हाय, रहिमा?" ते मला म्हणाले. "सकाळी उठायचं, पेपर वाचायचा. गंज चढतो माणसाला. पण दार नीट करून देतो आणि मग जातो. उघड्या दाराचं घर टाकून जायचो न्हाय मी."

आता इथे मी काय बोलणार? आमच्या घराण्यात जाणाऱ्याला अडवत नाहीत. परदेशी निघालेल्या माणसाला 'जाऊ नका' म्हणणं म्हणजे अपशकुन, असं सासूबाईंनी मला पहिल्याच वेळी बजावलं होतं. तेव्हापासून प्रत्येक खेपेला मी बॅगेत सुक्या कोलंबीचे सोडे भरले, कोकम भरलं, आणि कोरड्या डोळ्यांनी दारात उभी राहिले. तोंडातून शब्द काढला नाही. आत्ताही काढला नाही. पण मला ते घरात हवे होते. म्हातारपण तरी एकत्र काढावं, दुपारच्या जेवणाला समोर कोणी असावं, एवढीच माझी हाव होती आणि ती मला कोणाला सांगता येत नव्हती.

तर यांनी दार दुरुस्त करायला घेतलं. दुरुस्तीची त्यांची एक पद्धत आहे. आधी जागा साफ. काम कितीही छोटं असो, चटई अंथरल्याशिवाय हे स्क्रूला हात लावत नाहीत. गॅरेजच्या तोंडाशी पडलेलं सगळं ते झाडूने मागच्या भिंतीकडे लोटणार, चटई टाकणार, चष्मा लावणार आणि मग पुस्तिका उघडून बसणार.

पहिल्या दिवशी त्यांनी मोटरवरचा एक स्क्रू पाव फेरा फिरवला आणि बटण दाबलं. दार अलगद खाली आलं आणि टेकलं.

"रहिमा, बघ. दार जमिनीला लागतंय की न्हाय हेच त्याला कळत नव्हतं."

मी "वा" म्हटलं आणि मनातून खचले. पण संध्याकाळी आमचे शेजारी दिनानाथभावजी पेपर घेऊन आले. त्यांची सुपारीची वाडी आमच्या कुंपणाला लागून आहे आणि आमच्याकडे चहा घेतल्याशिवाय त्यांना सूर्य मावळल्यासारखा वाटत नाही. मागून माझी सून रुबिना, अरमानची बायको, बँकेतून आली. यांनी मोठ्या तोऱ्यात बटण दाबलं. दार हातभर आलं आणि परत वर गेलं.

"लाजतंय," दिनानाथभावजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जोर कमी-जास्त करायचा स्क्रू सापडला. पुन्हा झाडू, पुन्हा चटई, पुन्हा दार शहाण्यासारखं बंद. दुपारी मासे विकणाऱ्या वेणूबाई मांदेलीची टोपली घेऊन आल्या आणि दाराने पुन्हा नकार दिला. त्यानंतर साखळीला तेल झालं. मग डोळ्यांच्या काचा यांनी माझ्या ओढणीच्या टोकाने पुसल्या. दर वेळी हे चटईवरून उठताना सांगायचे, "आता रोग सापडला." आणि दर वेळी घरात चार माणसं जमली की रोग परत. रुबिना वैतागून म्हणाली, "अब्बा, लाल दोरी ओढा, मोटर सुटते, मी हाताने लावते दार." त्यावर त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने बिर्याणीत साखर घालू का विचारलं.

त्यांची चिडचिड होत होती, हे मला दिसत होतं. "लोकांची मशिनं नीट केली, घरचं एक दार ऐकत न्हाय," असं एकदा जेवताना म्हणाले. मला वाईट वाटलं. आणि खरं सांगते, त्याच वेळी बरंही वाटलं. दार बिघडलेलं आहे तोवर बूट पलंगाखाली आहेत.

गुरुवारी दुपारी हे डुलकी काढायला गेले होते आणि मी गॅरेजच्या तोंडाशी विळी घेऊन कोलंबी सोलत बसले होते. समोरच्या डोळ्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता. वेणूबाई आल्या, टोपली उतरवली आणि सवयीने चपला पायातून झटकल्या. एक चप्पल जाऊन भिंतीशी पडली, डोळ्यासमोर. हिरवा दिवा विझला.

मी कोलंबी खाली ठेवली. चप्पल उचलली. दिवा लागला. परत ठेवली. विझला.

"काय ग बाय, माझ्या चपलेत काय दिसतंय तुला?" वेणूबाईंनी विचारलं.

"काय न्हाय," मी म्हटलं. "चांगली हाय चप्पल."

म्हणजे रोग चपलांचा होता. येणारा प्रत्येक माणूस आमच्या गॅरेजच्या तोंडाशी चपला काढतो, आणि कोंबडीच्या पिल्लापायी डोळे जमिनीलगत आलेले. आणि हे दुरुस्तीला बसताना आधी झाडूने काय लोटायचे? चपलाच. मग तेवढ्यापुरतं दार बंद होणार नाही तर काय. दम्मामच्या साहेबांच्या गॅरेजमध्ये चपला काढून आत कोण जात असेल? आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात ते आलं नाही, कारण दारातल्या चपलांकडे बघतं कोण.

मला हसू फुटलं. धावत जाऊन त्यांना उठवावं असं वाटलं आणि मी उठलेही. पण पलंगाशी गेले तर खाली ते बूट चकाकत होते. उद्या जुम्मा. दार नीट झालं की हे मुसअबला 'येतो' म्हणणार. मी उलट पावली परत आले आणि कोलंबी सोलायला बसले.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते ऐकून माझी सून अजून हसते. सकाळीच मी वेणूबाईंना निरोप धाडला की सांदण करतेय, खायला या. दिनानाथभावजींना कुंपणावरून हाक मारली. रुबिनाने त्या दिवशी रजा घेतली होती, तिला म्हटलं तुझ्या मैत्रिणींना बोलाव. हे नमाजाला गेले तेव्हा घर भरलेलं होतं आणि गॅरेजच्या तोंडाशी चपलांचा बाजार मांडला होता. तरी मला खात्री वाटेना. सगळ्या चपला आत-बाहेर पडल्या असतील आणि किरणाची वाट नेमकी रिकामी राहिली असेल तर? म्हणून सगळ्यांना आत बशा देऊन मी गुपचूप बाहेर आले, तर दिवा लागलेलाच. मी वाकले आणि दिनानाथभावजींची सॅन्डल हिरव्या दिव्यापुढे सरकवू लागले.

"जरा डावीकडं घे," मागून आवाज आला. "किरण तिथनं जातो."

मी तशीच वाकलेली राहिले. हे मागे उभे होते, डोक्यावर टोपी, हातात रिमोट.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"आत्ता, मशिदीत. नमाज झाल्यावर अजान देणारे बांगीसाहेब बाजूचं दार ओढायला लागले, तर चपलांनी अडलं. पायाने चपला लोटल्या आणि दार लागलं. मी तिथंच उभा राह्यलो, येड्यासारखा." मग म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"काल."

"मग बोलली का न्हाय?"

भांडी जवळ नव्हती, नाहीतर आपटली असती. "तुम्हीच म्हणालात, दार नीट झालं की जातो. मग मी कशाला नीट करू?"

"जाऊ नका म्हणायचं होतं."

"आपल्यात म्हणतात का तसं?" माझा आवाज चढला. "एवढी वर्षं न्हाय म्हटलं. आता म्हणते. मला तुम्ही घरात हवेत. काम असो नसो. गंज चढला तर चढू दे, मी घासून काढीन."

आतून दिनानाथभावजींच्या हसण्याचा आवाज येत होता. यांनी माझ्याकडे बघितलं, चपलांच्या त्या ढिगाकडे बघितलं, आणि आत गेले. खोलीत पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं बॅग काढली. अपशकुन केलास बाई, असं मी स्वतःलाच म्हटलं आणि ओढणी तोंडाला लावली.

ते बाहेर आले ते बूट घेऊन. कंपनीचे, पॉलिश केलेले. गॅरेजच्या तोंडाशी गुडघ्यावर बसले, दिनानाथभावजींची सॅन्डल बाजूला केली आणि त्या जागी ते बूट ठेवले, जोडीने, डोळ्याला अगदी चिकटून. हिरवा दिवा विझला. मग उभं राहून त्यांनी बटण दाबलं. दार हातभर खाली आलं, थबकलं आणि परत वर गेलं.

त्यांनी आणखी एकदा दाबून बघितलं. काम केल्यावर तपासून घ्यायची सवय आहे त्यांना.

मग खिशातून फोन काढला. "मुसअब? हां, सलाम. साहेबाला सांग, यायला न्हाय जमणार. न्हाय रे, ते दारच बंद होत न्हाय. मोटर चांगली हाय, स्क्रू पण ठीक हायत. घरात माणसं फार हायत." पलीकडून तो काहीतरी बोलला असावा. "आणि मशिदीच्या एसीतनं पाणी गळतं, ते मला पुढच्या आठवड्यात उघडायला सांगितलंय. हां. तुझ्या मामीला सांगतो."

त्यांनी मामीला, म्हणजे मला, काय सांगायचं ते सांगितलं नाही. रिमोट खिडकीत ठेवला, आत गेले आणि दिनानाथभावजींच्या शेजारी बसून स्वतःला एक सांदण वाढून घेतलं.

मी चहा टाकायला गेले. त्या दिवशी कपबशा मी जरा जोरातच आपटल्या. डोळे पुसत होते, ते कोणाला कळू नये म्हणून.