स्वयंपाकघर ते जेवणघर

मोझेलला जांभळी टोपी शोभत होती, हेच ऑर्थियाला सहन होत नव्हतं.

गुलामांच्या काळातल्या गोऱ्या मालकांचं, थॅक्स्टनांचं मोठं घर आजही कापसाच्या शेतांकडे नाक वर करून उभं होतं. आता ते बघायला तिकीट लागायचं. यंदापासून तिथल्या गुलामांची हकिगत गावातल्याच एखाद्या बाईने सांगावी असं ठरलं होतं. ती बाई आपणच व्हावं, असं ऑर्थियाने चर्चमध्ये चारचौघींना ऐकू जाईल अशा बेताने बोलून दाखवलं होतं. नेमलं मोझेलला. का, तर मोझेलची खापरपणजी डेलिला मोठ्या घरात ताटं वाढायची. ऑर्थियाची माणसं शेतात राबलेली.

"घरातले म्हणे!" ऑर्थियाची आई जन्मभर कुरकुरत गेली. "मालकाचं उष्टं खाऊन माजलेत मेले."

लहानपणी एकदा मोझेलच्या ओट्यापाशी उभं राहून ऑर्थियाने मस्त शिट्टी वाजवली होती. तिच्यासारखी शिट्टी गावात कुणाची नव्हती. मोझेलच्या आईने फाडकन तिच्या मुस्काटात ठेवून दिली. "आमच्या घरात शिट्टी चालत नाही!" शेतातल्यांचे चाळे घरातल्यांना खपत नाहीत, असा ऑर्थियाने त्याचा अर्थ लावला. साठ वर्षं झाली, पण तो गाल अजून चुरचुरत होता.

आज पाहुण्यांच्या घोळक्यात ती मुद्दाम मागे उभी राहिली. मोझेल अडखळली तर बरंच, तिची जागा आपल्याला मिळेल, एवढाच विचार डोक्यात होता. पण मोझेल कुठली अडखळतेय! घरामागच्या वेगळ्या स्वयंपाकघरात ती चुलीबद्दल बोलली, डेलिलाच्या भाजलेल्या हातांबद्दल बोलली. बायका डोळे पुसू लागल्या. ऑर्थियाने तोंड फिरवलं.

मग मोझेलने स्वतः भाजून आणलेल्या मक्याच्या पावाचं ताट उचललं आणि जेवणघराकडे जाणाऱ्या विटांच्या वाटेवर पाऊल टाकलं. ऑर्थियाला राहवलं नाही. तिने मागून खणखणीत शिट्टी वाजवली, चर्चमधल्या गाण्याच्या चालीवर, पार शेवटपर्यंत.

मोझेल जागच्या जागी थिजली. अडखळली, ऑर्थियाला वाटलं.

मोझेल वळली, पण रागावलेली दिसेना. "हेच सांगायचं होतं," ती पाहुण्यांना म्हणाली, "पण जीभ रेटत नव्हती. या वाटेने ताट नेताना डेलिलाला शिट्टी वाजवत जावं लागायचं. शिट्टी ऐकू येतेय, म्हणजे तोंडात घास नाही. मालक खिडकीत बसून ऐकायचा. शिट्टी थांबली की चाबूक. पोटात अन्नाचा कण नसायचा आणि नाकाशी भाजलेली कोंबडी. ती गुलामीतून सुटली, पण तेव्हापासून आमच्या घरात कुणी शिट्टी वाजवत नाही."

ऑर्थियाचे ओठ अजून शिट्टीसाठी गोल केलेलेच होते. ते कसे सरळ करावेत तिला कळेना. ज्या उष्ट्यावर ती आणि तिची आई जन्मभर जळल्या, ते डेलिलाच्या तोंडी लागलंच नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात घर दाखवायची व्यवस्था बघणारी गोरी तरुण बाई, मिस पेज, टाळ्या वाजवत पुढे आली. "मिस ऑर्थिया, काय शिट्टी आहे हो तुमची! रोज याल का? तुम्ही ताट घेऊन शिट्टी वाजवत पुढे चालायचं, मिस मोझेल मागून सांगतील. लोक जन्मात विसरणार नाहीत!"

पुढे ऑर्थिया, मागे मोझेल. हवं होतं ते सगळं समोर आलं होतं. ऑर्थियाने मोझेलच्या हातातून ताट घेतलं.

"नको गं," मोझेल हळूच म्हणाली. "तू तरी नको."

ऑर्थियाने ताटातला सगळ्यात मोठा तुकडा उचलला आणि अख्खाच्या अख्खा तोंडात कोंबला. दुसरा मोझेलच्या तोंडासमोर धरला. "खा," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "बघतेस काय? खा म्हणते ना!"

मोझेलने तोंड उघडलं. मग दोघी म्हाताऱ्या त्या वाटेने गाल फुगवून, मचमच आवाज करत, सावकाश चालत गेल्या. जेवणघरात थॅक्स्टनांच्या गालिच्यावर पावाचा चुरा सांडला. मिस पेज बघत राहिली. शिट्टी काही वाजली नाही.

पाव लुसलुशीत होता, लोण्याने माखलेला, ऑर्थियाला आयुष्यात कधी जमला नव्हता असा. तेवढ्यापुरती ती पुन्हा जळली, आणि तिने आणखी एक तुकडा घेतला.