वकीलसाहेबांचा विराम

त्या हौशी नाट्यमंडळात वकीलसाहेबांचा शब्द अखेरचा मानला जाई. नायक तेच, आणि सभागृह मिळे तेही त्यांच्याच ओळखीने. पडद्याआड वही धरून नटांना विसरलेले शब्द पुरविण्याचे कार्य शिंप्याकडे होते. अकरा वर्षे त्याने ते निष्ठेने केले होते. परंतु यंदा त्याची थोरली मुलगी प्रथमच रंगमंचावर उभी राहणार होती, तीही एकाच प्रवेशात, वकीलसाहेबांची कन्या म्हणून. त्यामुळे त्याचा जीव टांगणीला लागला होता.

रंगीत तालमीत त्याने एकदा शब्द पुरविला मात्र, वकीलसाहेब कडाडले.

"अहो, तो विराम होता. मी विसरलो नव्हतो. उद्या तुमचा आवाज कानावर आला, तर तुम्ही बाहेर आणि तुमची पोरगीही."

"मग अडलात तर खूण तरी ठरवू, साहेब. नुसता कान खाजवा."

"मी अडत नाही."

दिग्दर्शक मास्तरांनी खिडकीबाहेर पाहण्यात स्वतःस गुंतवून घेतले.

प्रयोगात तो प्रवेश आला. कन्येने विचारले, "मग आई गेली कुठे?" वकीलसाहेबांनी हात उंचावला आणि ते थांबले.

वहीत पुढील वाक्य स्पष्ट होते : ‘तुझी आई जिवंत आहे.’ तथापि हा विराम की विस्मरण, हे ओळखण्याचे कोणतेच साधन शिंप्यापाशी नव्हते. तो मनात आकडे मोजू लागला. दहा झाले, पंधरा झाले. पुढच्या रांगेत कोणी खोकले. मुलीची नजर बापाला शोधीत पडद्याकडे वळली. बोलावे तर तिला मंडळातून काढतील, न बोलावे तर तिचा एकुलता एक प्रवेश मातीत जाईल.

बाविसाव्या आकड्यास शिंपी तिला दिसेल असा सरकला आणि आवाज न करता त्याने केवळ ओठ हलविले.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आई जिवंत आहे ना?"

"आहे," वकीलसाहेब उद्गारले. "तुझी आई जिवंत आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला.

रंगपटात मात्र ते आरशासमोर धुमसत होते. "पोरीने माझा विराम मोडला. पुढच्या प्रयोगाला दुसरी बघा, मास्तर."

शिंप्याने वही मास्तरांच्या हाती ठेवली.

"दुसरीला सांगून ठेवा, बावीसपर्यंत मोजून थांब म्हणावं. पुढचं साहेब बघतील. वही धरायलाही कोणी शोधा. मी घरी असेन."

वकीलसाहेब बराच वेळ एकाच गालाचा रंग पुसत राहिले. मग आरशातूनच म्हणाले, "वाक्य तसं वाईट नव्हतं. वहीत घालून टाका. माझी सूचना म्हणून."

शिंप्याने मास्तरांच्या हातून वही परत घेतली, कानावरची पेन्सिल काढली आणि मुलीकडे वळून विचारले, "नेमकं काय म्हणालीस गं?"