नेवेनाने बंद केलेला माईक

कल्पना करा, मुलांनो. तुमच्यासमोर लॅपटॉप आहे. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटींत वर्गातली बावीस तोंडं दिसतायत आणि बाई म्हणतात, "चल, आता तू कविता म्हण." कविता तुमची पाठ नाही. पहिली ओळ येते, दुसरी अर्धी येते, पुढे सगळा अंधार. अशा वेळी एखादं बटण असं असेल, की ते दाबलं की तुमचा आवाज जगात कुणालाच जाणार नाही, तर तुम्ही काय कराल? लगेच "छे, आम्ही नाही दाबणार" असं म्हणू नका. जरा थांबा, विचार करा. नेवेनानेही विचार केला होता. फक्त फार थोडा.

नेवेना अकरा वर्षांची. त्रोयान गावात, नदीकाठच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायची. जानेवारीत तापाची साथ आली, शाळा बंद झाल्या आणि तास घरूनच सुरू झाले. सोमवारी कवितेचा तास होता. बाईंनी हजेरी घेतली तेवढ्या वेळात नेवेनाने लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये एक पान शोधून काढलं. 'मायक्रोफोन वापरायला परवानगी' असं तिथे लिहिलं होतं आणि पुढे एक निळं बटण होतं. तिने ते दाबलं, ते करडं झालं. मग तिने बाईंना लिहून कळवलं, "माझा माईक चालत नाहीये."

"असू दे गं बाळा," बाई म्हणाल्या. "तुझी पाळी नंतर."

मंगळवारीही तेच झालं, बुधवारीही. बाईंना तिची दया येत होती आणि नेवेनाला मजा वाटत होती. बटण पुन्हा निळं करायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नव्हतं. तिने ते ठेवलंच होतं तसं.

गुरुवार उजाडला. गुरुवारी तिच्या बाबांचा नामदिन होता, म्हणजे ज्या संताचं नाव त्यांना ठेवलं होतं त्या संताचा सण. त्यांचं नाव अतानास, पण सगळे नास्को म्हणायचे. नामदिनाला आमंत्रण द्यायचं नसतं. ज्याच्या नावाचा दिवस, त्याने दार उघडं ठेवायचं आणि ज्याला आठवण होईल त्याने यायचं. त्यामुळे सकाळपासून घरात बानित्साचा, म्हणजे चीज भरून भाजलेल्या पापुद्र्यांच्या पोळीचा, खमंग वास सुटला होता आणि टेबलावर लोणच्याच्या बशा मांडून झाल्या होत्या.

नेमका तोच दिवस व्हिएन्नाच्या एका शेगड्यांच्या कंपनीने आईला दिला होता. दुपारी तीन वाजता मुलाखत. घरी बसून, कानाला हेडसेट लावून, जर्मन बोलणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या, असं ते काम होतं. काम ज्या लॅपटॉपवर करायचं, मुलाखतही त्याच लॅपटॉपवरून द्यायची, असा कंपनीचा नियम होता. आई, म्हणजे रोसित्सा, सहा महिने त्याची तयारी करत होती. भांडी घासतानाही ती जर्मन पुटपुटायची.

आणि हे काम मिळालं नाही तर काय, तेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तर आईने जर्मनीला जायचं होतं, उल्म शहरातल्या एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला. तीन महिने तिकडे, एक महिना घरी, पुन्हा तीन महिने तिकडे. त्या लोकांना रविवारपर्यंत होय किंवा नाही कळवायचं होतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी आईने झोपण्याच्या खोलीत घरातला एकुलता एक लॅपटॉप उघडला, हेडसेट जोडला आणि कंपनीचं पान सुरू केलं. पडद्यावर अक्षरं आली: मायक्रोफोन सापडला नाही.

"नास्को!" आईने हाक मारली. "जरा ये बरं इकडे."

नेवेना दारात उभी होती. हातात बानित्साची थाळी होती. 

आत्ता सांगावं, असं तिच्या मनात आलं. आई, मी बंद केलाय. एवढंच. पण त्याच क्षणी बाबा आत आले आणि त्यांच्या मागोमाग वरच्या मजल्यावरचे मिन्चो काका. काकांनी बत्तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले होते, त्यामुळे बिघाड म्हटलं की त्यांचे डोळे चमकत.

"वायर काढ, परत घाल," काका म्हणाले.

आईने वायर काढली, परत घातली. तेच.

"बंद कर, चालू कर."

लॅपटॉप बंद झाला, चालू झाला. त्याला सहा मिनिटं लागली. तेच.

"ऐकू तर येतंय ना तुला?"

"ऐकू येतंय, काका. माझंच कुणाला ऐकू जात नाही."

"मग भोकात मळ असणार," काकांनी निदान केलं. त्यांनी आगकाडीला कापूस गुंडाळला, टेबलावरच्या रकियाच्या पेल्यात बुडवला आणि हेडसेटची पिन जिथे बसते ते भोक हळूहळू पुसायला घेतलं.

"अहो, पाहुण्यांची दारू ती!" बाबा म्हणाले.

"गप रे. लॅपटॉपसुद्धा पाहुणाच आहे. नामदिन आहे, त्यालाही थोडी मिळू दे."

सगळे हसले. आई हसली नाही. ती घड्याळाकडे बघत होती.

"आई, मी बघू का?" नेवेनाने हळूच विचारलं.

"नको गं राणी. तू थाळी फिरव. मोठी माणसं बघतायत ना."

नेवेना मागे सरकली. आपण विचारलं होतं, त्यांनीच नको म्हटलं, असं तिने मनाला सांगून पाहिलं. मन काही ऐकेना. विचारणं वेगळं आणि सांगणं वेगळं, हे अकरा वर्षांच्या मुलीला कळतं, आणि ज्याला कळतं त्यालाच ते टोचतं.

शेजारच्या योर्दान्का मावशी आल्या. त्यांनी मुलाचा हेडसेट आणला, नवा कोरा. तो जोडला. तेच. म्हणजे हेडसेटचा दोष नव्हता. आता सगळ्यांच्या नजरा लॅपटॉपवर गेल्या आणि घरात जो तो दोष स्वतःच्या अंगावर घेऊ लागला.

"माझंच चुकलं," बाबा म्हणाले. "तू नवा घे म्हणत होतीस. मीच जुना उचलून आणला."

"छे रे, परवा मीच याच्यावर चहा सांडला होता," आई म्हणाली. "दोन थेंबच होते, पण आत गेले असतील. वेंधळी आहेच मी."

"मीच तर काडी जास्त खोल घातली नाही ना?" मिन्चो काका पुटपुटले. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्यासारखा झाला होता.

नेवेना भिंतीला टेकून ऐकत होती. प्रत्येकाने तिचा दोष थोडा थोडा वाटून घेतला होता आणि तरी तिच्याकडचा तसूभरही कमी झाला नव्हता. उलट आता तो सांगणं दसपट अवघड झालं होतं. सव्वादोनला सांगितलं असतं तर एक चूक कबूल करावी लागली असती. आता पावणेतीन वाजले होते. आता काकांची काडी, मावशींचा हेडसेट, आईचा चहा, सगळ्याचाच हिशेब द्यावा लागला असता. खोटं असंच असतं, मुलांनो. ते आपण एकट्याने पेरतो, पण त्याला पाणी घालायला सगळं घर राबतं.

तीन वाजले. पडद्यावर श्रीमती होफर दिसल्या. पांढरे केस, जाड चष्मा, चेहरा प्रेमळ होता. त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, "माझा आवाज येतोय का?"

आईने घाईने होकार दिला. म्हणजे त्रोयानमध्ये देतात तसा, मान डावीकडून उजवीकडे हलवून. व्हिएन्नात ती मान म्हणजे नकार.

"ऐकूही येत नाही?" श्रीमती होफर जोराने म्हणाल्या. "तर मग कसं होणार?"

"मान वर-खाली कर, रोसी! वर-खाली!" बाबा दारातून ओरडले.

गोंधळून आईने मान वर-खाली केली. तेवढ्यात श्रीमती होफरनी पुढचा प्रश्न विचारला होता, "आपण हे रद्द करू का?"

आईने डोळे मिटून घेतले. मग तिने हात पसरून पंजे हलवले, नाही, नाही. घाईघाईने कीबोर्डवर लिहिलं: मला ऐकू येतं, माईक चालत नाही, कृपया थांबा.

श्रीमती होफरनी ते वाचलं. "दहा मिनिटं थांबते," त्या म्हणाल्या. "त्यानंतर दुसरे उमेदवार आहेत. पुढची तारीख मग मार्चमधली."

आईने हेडसेट काढून मांडीवर ठेवला. ती रडली नाही. तिने नुसतं बाबांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हटलं, "उल्मच्या बाईंना आज रात्रीच कळवून टाक. रविवारपर्यंत कशाला थांबायचं?"

"अगं, दहा मिनिटं आहेत अजून."

"काय करणार आहेस दहा मिनिटांत? भोकात फुंकर घालणार?"

नेवेनाने थाळी खाली ठेवली. मिन्चो काका आणि योर्दान्का मावशी यांच्या मधून ती पलंगापर्यंत गेली. 

"आई," ती म्हणाली, "तो बिघडलेला नाहीये. मी बंद केलाय."

सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"सोमवारी. कविता पाठ नव्हती म्हणून. बाईंना खोटं सांगितलं. चहाने झालं नाही ते. काकांच्या काडीनेही नाही."

"आणि तू तासभर…" बाबांनी तोंड उघडलं. आईने हात वर करून त्यांना थांबवलं.

"कुठे?" आईने एवढंच विचारलं.

नेवेनाने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. सेटिंग उघडली, परवानगीचं पान काढलं. करडं बटण होतं तिथेच होतं. तिने ते दाबलं. निळं झालं. आईने हेडसेट कानाला लावला, घसा साफ केला, आणि पडद्याच्या कोपऱ्यातली हिरवी रेघ तिच्या घशाबरोबर उडी मारून उठली.

"श्रीमती होफर?" आई जर्मनमध्ये म्हणाली. "आता माझा आवाज येतोय का?"

"अगदी स्पष्ट येतोय," श्रीमती होफर म्हणाल्या. "बोला."

आईने नेवेनाकडे पाहिलं नाही. तिने फक्त दाराकडे बोट केलं, सगळे बाहेर. सगळे बाहेर आले, दार लागलं. बाहेरच्या खोलीत मिन्चो काकांनी काडी कचऱ्यात टाकली आणि म्हणाले, "बत्तीस वर्षं रेडिओ उघडले मी. एकदाही आधी विचारलं नाही, की बाबा, तुला कुणी बंद तर केलं नाही ना." हे ते गमतीने म्हणाले, पण नेवेनाला हसू आलं नाही. बाबा तिच्याकडे पाठ करून टेबलावरच्या बशा सरळ करू लागले. 

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. नामदिनाचे पाहुणे अजून येतच होते. ते येणार, दारातूनच मोठ्याने शुभेच्छा देणार, पेले वाजवणार, आणि आतल्या खोलीची भिंत पातळ होती.

नेवेना उठली. बाहेरच्या दारातून ती जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली, मोजे घातलेल्या पायांनी, त्या गारठ्यात. बाबांच्या कारखान्यातले दोघे वर आले. एकाच्या हातात बाटली होती, दुसऱ्याने तोंड उघडलंच होतं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"काय गं, बाबा झोपलेत की काय आजच्या दिवशी?"

"नाही. आईची मुलाखत चालू आहे. हळू या, बूट इथेच काढा."

"आत्ता? ती तर तीनला होती ना? नास्को म्हणत होता."

त्यांना काहीही सांगता आलं असतं. नेट गेलं होतं, असं. लॅपटॉप जुना आहे, असं. कुणी खोलात शिरलं नसतं.

"तीनलाच होती," नेवेना म्हणाली. "माझ्यामुळे उशीर झाला. कविता पाठ नव्हती म्हणून मी माईक बंद करून ठेवला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, गुपचूप बूट काढले आणि आत गेले.

मग खालून आणखी पावलं ऐकू आली. नेवेनाने कठडा धरला, आणि ती माणसं वर येईपर्यंत तिथेच थांबली, तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायला.