फोटोत नसलेला टप

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचा टप आहे. टप म्हटले की तुम्ही खाली गाडी शोधाल. गाडी येथे नाही. ती सकाळीच हवानाला स्वतःचे फोटो काढून घ्यायला गेली आहे. मी हवानाजवळच्या ग्वानाबाकोआतल्या एका परसात, विटांच्या खांबांवर आडवा पडून, एका डुकराच्या डोक्यावर सावली धरतो आहे. डुक्कर स्वभावाने चांगले आहे. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. साल होते एकोणीसशे त्रेपन्न. पोलादाचा एक सपाट पत्रा यंत्राच्या दाबाखाली गेला आणि बाहेर आला तो मी. माझ्या अंगाला कुठेही जोड नव्हता, याचा मला आजही गर्व वाटतो. खाली हिरवीगार शेवरोले आणि वर सायीच्या रंगाचा मी, अशी आमची जोडी बोटीने क्युबात उतरली. आमचे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. ते देश सोडून गेले, तेव्हा गाडी त्यांचा चालक अर्सेनियो याच्याकडे राहिली.

पुढे अमेरिकेतून सुटे भाग येणेच बंद झाले. मग गाडी जगवायची तर हाती लागेल ते तिला बसवायचे, अशी आमच्याकडे रीतच पडून गेली. गाडीचे इंजिन गेले आणि तिथे पाणी उपसण्याच्या पंपाचे डिझेल इंजिन आले. ब्रेक रशियन गाडीचे आले, मागची बाके एका मोडीतल्या बसची. रंगसुद्धा कधी कधी भिंतीचाच लागला. बदलला नाही तो फक्त मी. म्हणून मला वाटायचे, खरी गाडी म्हणजे मीच, बाकी सगळी उसनवारी.

अर्सेनियोनंतर गाडी त्याच्या मुलाकडे, निवाल्दोकडे आली. तो ग्वानाबाकोआ ते हवाना अशी सवारी चालवायचा. माझ्याखाली कोण कोण बसून गेले म्हणून सांगू! परिचारिका, शिंपी, रडणारी बाळे, वाढदिवसाचे केक मांडीवर धरून बसलेल्या मावश्या. कुणी दार जोरात आपटले की निवाल्दो मान न वळवता म्हणायचा, "काकू, घरी फ्रिजचं दार असंच लावता का हो? हळू लावा, ती माझ्यापेक्षा म्हातारी आहे." काकूही कमी नसायच्या. "मग तिला घरी बसव की, आणि नवी आण," असे म्हणून खुशाल दुसऱ्यांदा दार आपटायच्या.

आता ओनेलियाबद्दल सांगतो, कारण माझ्या कहाणीत तिच्याइतके माझे कौतुक कुणी केले नाही. ओनेलिया आमच्या गल्लीतली छायाचित्रकार. आमच्याकडे मुलगी पंधरा वर्षांची झाली की तिचा फोटो काढतातच. घरात तेलाचा थेंब नसेल, पण भाड्याचा झगा, केसांत फुले आणि जुन्या अमेरिकन गाडीत बसून फोटो हवाच. ओनेलिया मुलींना घेऊन आमच्याकडे यायची. फोटो काढण्याआधी माझ्याभोवती एक फेरी मारायची, माझ्यावर पडलेले ऊन पाहायची आणि मुलीच्या आईला सांगायची, "असा टप आता उरलेला नाही. बघा, कशी उतरती कड आहे त्याची! बाकी सगळे टप पत्रे, हा टप म्हणजे टोपी आहे टोपी." मी फुगून जायचो. पत्र्याला फुगता येत नाही, पण मी फुगायचो.

तिने काढलेला सर्वांत चांगला फोटो मिग्दालिया नावाच्या मुलीचा. ती मागच्या खिडकीतून बाहेर झुकली होती आणि पडू नये म्हणून तिने वर हात करून माझी पन्हळीसारखी कड घट्ट धरली होती. फोटोत तिची चार बोटे माझ्यावर दिसतात. तिच्या पकडीतला आनंद मला अजून आठवतो. त्या दिवशी गाडी तरुण निवाल्दो चालवत होता आणि रस्त्याकडे फारच थोडे पाहत होता. पुढे त्याच मिग्दालियाशी त्याचे लग्न झाले. त्यांना यानिस्बेल झाली. तो फोटो बाहेरच्या खोलीत लागला. यानिस्बेल लहानपणापासून त्याच्यासमोर उभी राहून हवेत हात वर करायची, आईसारखा.

मिग्दालिया परिचारिका झाली. तिला सरकारी कामावर अंगोलाला पाठवले, तेव्हा यानिस्बेलच्या पंधराव्या वाढदिवसाला थोडेच महिने उरले होते. निघण्याच्या दिवशी तिने ओनेलियाला माझ्यापाशीच थांबवले.

"हे बघ गं, मी काही येऊ शकणार नाही. पण फोटो अगदी माझ्यासारखा काढ. तीच खिडकी, तसाच हात. माझा फोटो मी बरोबर नेतेय, हिचा आला की शेजारी लावीन."

"डोळे मिटून काढीन," ओनेलिया म्हणाली. "खिडकी तीच, टप तोच आणि पोरीचं नाकही तुझंच. मला करायचं काय उरलंय?"

निवाल्दोने माझ्यावर हात ठेवून सांगितले, "मी जिवंत आहे तोवर या गाडीला कुणी हात लावणार नाही." मित्रांनो, निवाल्दो अजून ठणठणीत जिवंत आहे.

झाले असे, की हवानात पाहुण्यांची चव बदलली. परदेशातून येणाऱ्यांना जुनी गाडी हवी, पण उघडी हवी. समुद्राकाठच्या रस्त्यावर उभे राहून, केस उडवत फोटो काढायचा असतो त्यांना. मग एकेकाने आपापल्या गाडीचा टप कापायला सुरुवात केली. पंधरा वर्षांच्या मुलींनाही उघड्या गाडीत उभे राहायचे वेड लागले. ओनेलियाचे धंद्याचे दिवस होते. ती येऊन माझ्याभोवती फेरी मारेनाशी झाली. एक दिवस ती निवाल्दोला म्हणाली,

"अरे, काप की तो. फोटोत सावली पाडतो सगळ्यांच्या तोंडावर."

"मिग्दालिया काय म्हणेल?"

"मिग्दालिया बघेल, पोरगी राणीसारखी उभी आहे, झगा मागे पसरलाय. खिडकीतले फोटो आता कोण काढतं? यानीला सांगू नकोस. आल्यावर बघेल आणि तुझ्या गळ्यात पडेल."

टोपी म्हणणारी हीच बाई. माझ्या कडेचे कौतुक करता करता तिने माझे मोजमाप घेऊन ठेवले होते की काय, असे मला वाटले. निवाल्दो दोन दिवस नेहमीसारखा सवारीला गेला. मला आशा होती. तिसऱ्या दिवशी यानिस्बेल मामाकडे कार्देनासला गेली आणि तो कापणाऱ्याला घेऊन आला.

कापण्याचे वर्णन मी करणार नाही. ठिणग्या उडाल्या, एवढेच सांगतो. मला पेलणारे खांब कापले, दारांच्या वरच्या चौकटी कापल्या आणि मला दोघांनी उचलून भिंतीला टेकवले. मी निवाल्दोच्या तोंडाकडे पाहत होतो. तो माझ्याकडे पाहत नव्हता. ओनेलिया टाळ्या वाजवत म्हणाली, "आता बघ, कशी मोकळी दिसते!" मग त्यांनी गाडीला भडक गुलाबी रंग दिला. दारांच्या चौकटी कापणारा आपल्या हातगाडीवर घालून घेऊन गेला. मला भयंकर राग आला होता, आणि रागाहून जास्त लाज वाटत होती. इतकी वर्षे ज्यांना माझे म्हटले, त्यांना मी नुसता आड येत होतो.

यानिस्बेल आली ती रविवारी. फाटक उघडून आत आली आणि तिथेच थांबली. निवाल्दो गाडीशेजारी हसत उभा होता.

"कशी वाटते?"

"टप कुठंय, पप्पा?"

"तो काय, भिंतीशी. अगं, तुझ्या वाढदिवसासाठी केलंय सगळं. यात उभी राहशील, सगळी गल्ली बघत बसेल."

ती गाडीत चढली. मागच्या दाराशी बसून तिने नेहमीच्या सवयीने हात वर केला. तिथे काही नव्हते. तिने हात तसाच हवेत ठेवला आणि विचारले,

"मी धरू काय?"

निवाल्दोचे हसू तोंडावरच विरले. दुसऱ्या दिवशी तो टप परत बसेल का ते विचारायला कापणाऱ्याकडे जाऊन आला. परत आल्यावर त्याने घरात सांगितलेले मी ऐकले. चौकटी कापणाऱ्याकडून कुणीतरी नेल्या होत्या. शिवाय टप निघाल्यावर गाडी मधोमध खचली होती. आता खांब खांबाला मिळत नव्हते. दारेही बसत नव्हती, ती तारेने बांधावी लागत होती. मला कुणी विचारले असते तर मी आधीच सांगितले असते, की मी नुसती सावली धरत नव्हतो, गाडीही धरून होतो.

वाढदिवस काही थांबत नाही. लाल झगा आला, फुले आली. यानिस्बेल दोन दिवस बापाशी बोलली नव्हती, पण त्याचे उतरलेले तोंड बघून ती गाडीत उभी राहिली. ऊन पाठीमागून येत होते आणि तिचा चेहरा काळवंडत होता. ओनेलियाने इकडेतिकडे पाहिले आणि निवाल्दोला सांगितले, "तो पत्रा आण बरं. तिरका धर, उजेड टाकेल." तो पत्रा म्हणजे मी. निवाल्दोने मला धरून उभे केले. माझ्या सायीच्या रंगावरून ऊन उडाले आणि यानिस्बेलच्या चेहऱ्यावर पडले. मला ते टाकायचे नव्हते. पण ऊन माझे ऐकत नाही, आणि त्या मुलीवर माझा राग नव्हता. फोटो सुरेख आला, असे सगळे म्हणतात. फोटोत मी नाही.

त्याच संध्याकाळी तो फोटो अंगोलाला गेला. लगेच मिग्दालियाचा फोन आला. यानिस्बेलने आवाज मोठा करून फोन परसातल्या मेजावर ठेवला, म्हणून मलाही सगळे ऐकू आले.

"माझं बाळ! किती मोठी दिसतेस गं. आणि चेहऱ्यावर उजेड काय पडलाय! ओनेलियाच्या हाताला मानलं." मग तिचे लक्ष गाडीकडे गेले असावे. "पण भाड्याची गाडी का घेतलीत? आपली बंद पडली की काय?"

यानिस्बेलने बापाकडे पाहिले. ओनेलिया आपल्या कॅमेऱ्याची पिशवी आवरू लागली.

"हो," निवाल्दो म्हणाला. "जरा काम निघालंय तिचं."

"असू दे, असू दे. नीट झाली की तिच्यात एक काढा. मी माझ्या फोटोशेजारची जागा मोकळी ठेवलीय, तिथे हा नाही लावत. आपल्या गाडीतला आला की लावीन."

"काढू," निवाल्दो म्हणाला.

फोन ठेवल्यावर यानिस्बेल म्हणाली, "पप्पा, तुम्ही माझ्यासमोर मम्मीला फसवलंत." ती ओरडली नाही. निवाल्दोने फडके घेतले आणि अंधार पडेपर्यंत तो गुलाबी गाडी पुसत बसला.

मित्रांनो, मला पुन्हा गाडीवर बसवा असे मी म्हणत नाही. ते आता होणार नाही. पण तुमच्यापैकी कुणाला जुन्या गाड्या आवडत असतील, तर त्यांच्याभोवती फेरी मारा, त्यांची कड न्याहाळा, पोटभर कौतुक करा. त्यांचा फोटो काढा, टप काढू नका. कौतुक करणाऱ्याची आम्हाला सर्वांत जास्त भीती वाटते, हे मी पत्रा असूनही शिकलो.

आज रविवार आहे. थोड्या वेळाने मिग्दालियाचा फोन येईल आणि ती पहिलाच प्रश्न विचारेल, गाडी नीट झाली का?