शेठच्या टेम्पोतून

इंदिरानगरच्या भाजीबाजारात रोशनबी आलं-लसूण विकायची आणि तिच्या शेजारी भागुबाई पालेभाजी. पूर्वी दोघी एकाच शेठकडून माल घ्यायच्या. तो जागेवर आणून टाकायचा, भावही तोच ठरवायचा. मग बाजारातल्या बायांनी मिळून भाड्याचा टेम्पो ठरवला आणि मार्केट यार्डात जाऊन स्वतः माल निवडायला लागल्या. शेठ नुसता हसला होता.

अलीकडे मात्र टेम्पोवाला सारखा दांडी मारायचा. कधी पंक्चर, कधी मेहुण्याचं लग्न. आणि नेमकी त्याच सकाळी शेठची भरलेली गाडी बाजारात हजर! आपल्यातलंच कुणीतरी खबर देतंय, असं रोशनबीच्या मनानं घेतलं.

त्यातच एका दुपारी पाथर्डी फाट्यावर तिला भागुबाई दिसली. शेठच्या टेम्पोतून उतरत होती.

"दुपारी कुठं गेली होतीस गं?" रोशनबीनं संध्याकाळी विचारलं.

"लेकीकडं." भागुबाई मेथीची जुडी बांधत राहिली. वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी भागुबाई निघाली तशी रोशनबी रिक्षानं मागोमाग गेली. नव्या इमारतींमागच्या मोकळ्या मैदानात शेठचा टेम्पो गचके खात चालला होता. शेठचा ड्रायव्हर राज शेजारी बसला होता. स्टेअरिंग भागुबाईच्या हातात होतं.

रोशनबी सरळ गाडीपुढं जाऊन उभी राहिली. "हीच का तुझी लेक?"

भागुबाईनं गाडी बंद केली. "तुम्ही समद्या हसाल म्हणून नाय सांगितलं."

"हसायचं सोड. शेठची गाडी तुला कशी मिळाली?"

"लायसन काढ, पगारावर ठेवतो म्हणला. उन्हात बसायला नको."

"आणि टेम्पो येणार नाही, हे त्याला तूच कळवतेस?"

"पोरांची शप्पथ, नाय!"

राजनं इकडंतिकडं पाहिलं. "मावशी, माझं नाव घेऊ नका. तुमच्या टेम्पोवाल्याला न यायचे पैसे शेठच देतो."

रोशनबीचा एक संशय फिटला. दुसरा तसाच होता. "मग तू जाणार शेठकडं?"

"ठरवलं नाय अजून," भागुबाई म्हणाली. आदल्या दिवशीच्या थापेपेक्षा हे खरं रोशनबीला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी तिनं बायांना गोळा केलं. बचत गटाचं कर्ज काढून जुना टेम्पो घेऊ, भागुबाई चालवेल.

"आणि गाडी आल्यावर ती शेठकडं गेली तर?" कुणीतरी विचारलं. रोशनबीनं भागुबाईकडं पाहिलं. भागुबाई मान खाली घालून बसली होती. मग म्हणाली, "चालवते मी. आपलीच चालवते."

लायसन झालं, टेम्पो आला. पहिल्या पहाटे रोशनबी मुद्दाम पुढं, तिच्या शेजारी बसली. द्वारकाच्या चौकात भागुबाईचा फोन वाजला. शेठचा होता.

"तूच घे," भागुबाई समोर बघत म्हणाली.

"ती गाडी चालवतेय," रोशनबीनं शेठला सांगितलं आणि फोन ठेवला.

तरी पुढचे कितीतरी दिवस रोशनबी रोज शेजारी बसून रस्त्यावर नजर ठेवायची. एका पहाटे मात्र पंचवटी येईपर्यंत तिला गाढ झोप लागली. यार्डात पोचल्यावर भागुबाईनंच तिला हलवून उठवलं.