कावीळ धुणारं पाणी

आमच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. सोनाजीबुवानं पांढऱ्या चिनी मातीच्या कुंड्यात आपल्या घागरीतलं पाणी ओतलं, ते सगळ्यांना फिरवून दाखवलं आणि आईचे हात त्यात बुडवून चोळले. नितळ पाणी बघता बघता तांबडं झालं.

"बघा माय, कावीळ कशी रगत होऊन उतरून राहिली! डाक्टरच्या बापाला जमंल काय?"

"आज रंग लईच फिका हाय, बुवा," शेजारच्या द्वारकाकाकू हात जोडून म्हणाल्या.

"मंग! रोग सरून राहिला. आता पानी कोरं निघंल, बाई उठून सैपाक करंल."

ते १९४६ साल होतं. कुरुंद्यात हळद शिजवण्याचे, वाळवण्याचे दिवस. मी हैदराबादला विद्यापीठात रसायन आणि औषधांचं शास्त्र शिकत होते. आई आजारी असल्याचा निरोप मिळाला आणि त्या सकाळीच घरी पोचले. आईचे डोळे पिवळेजर्द, पोट फुगलेलं. तिनं मला ओळखलं नाही.

"आबा, गाडी जुंपा. वसमतला दवाखान्यात नेऊ," मी वडलांना म्हणाले.

"काहून? रंग उतरून राहिला, मी सोता रोज पाहून राहिलो. आता मधीच इलाज तोडू व्हय?"

आबा हट्टी नव्हते. त्या फिकट होत जाणाऱ्या रंगाला ते जिवाच्या आकांतानं धरून होते. तो रंग खोटा ठरवल्याशिवाय बैल दावणीवरून सुटणार नव्हते.

मी बुवाच्या घागरीतलं पाणी बोटानं जिभेवर घेतलं. ती चुन्याची निवळी होती, चुना खाली बसल्यावर वर उरतं ते नितळ पाणी. कुंडं रिकामं करून मी त्यात ताजी निवळी ओतली आणि माझे हात बुडवले. पाणी तसंच राहिलं.

"तुला रोगच न्हाई, पोरी!" बुवा हसला.

"ग्यानबा, तू ये."

आमचा गडी ग्यानबा हळदीच्या ढिगावरून उठून आला. त्यानं हात घालताच पाणी तांबडं झालं. बाया किंचाळल्या.

"यालाबी हाय! आत दडून बसलीया!" बुवा म्हणाला.

"मला कावीळ? आत्ता टोपलंभर भाकरी खाऊन आलो की, बुवा!"

मी पुन्हा निवळी ओतली, एक हळकुंड ठेचून त्यात टाकलं. पाणी लालभडक झालं.

"घ्या!" ग्यानबा ओरडला. "बुवा, आता हळकुंडावरबी मंतर टाका!"

अंगण हसलं. बुवा घागर उचलू लागला. हळद चुन्यात लाल होते, हे कुंकू करणाऱ्यालाही ठाऊक असतं. प्रयोगशाळेत चुन्यासारखे क्षार ओळखायला आम्ही हळदीनं रंगवलेला कागदच वापरत असू. पण निवळी पाण्यासारखी दिसते आणि आमच्या गावात हाताची हळद कुणाच्या नजरेतच येत नाही.

आबा हसले नाहीत. "पन रंग कमी होत व्हता ना, बाई?"

"आबा, आई अंथरुणाला लागल्यापासून तिनं हळदीला हात लावलेला नाही. हा रोज तिचे हात धूत होता. कमी होत होती ती हळद."

आबांनी दावणीवरून बैल सोडले आणि गाडी जुंपली.

आई वाटेतच गेली. मी सांगितलं, तरी आबांनी गाडी थांबवली नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत ते तशीच हाकत राहिले.

वेळेवर नेलं असतं तर ती वाचलीच असती, असं मी म्हणणार नाही. तेवढं माझं शास्त्र मला म्हणू देत नाही. पण ज्या दिवसांत उपचार होऊ शकले असते, ते दिवस आम्ही तिचे हात धुण्यात घालवले.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं. कुणी पाण्यातून रोग काढून दाखवला, तर नमस्कार करण्याआधी हळदीत राबणाऱ्या एका धडधाकट माणसाचा हात त्या पाण्यात घालून बघा. आणि ते बघेपर्यंत, कुणाला तरी गाडी जुंपायला सांगा.