चिकटवलेला ओळंबा

मी एक जुना ओळंबा आहे, आणि जगातल्या तमाम शांत माणसांनी माझ्यापुढे वाकायला हवं, कारण त्यांच्या शांतपणाला इंग्रजीत जे नाव आहे ते मूळचं माझं आहे. हे सांगताना माझ्या बुडाला वाळलेला गोंद आहे आणि गोंदात एक माशी आहे.

मित्रांनो, ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. भिंत सरळ उभी आहे का, हे गवंडी माझ्याकडे बघून ठरवतो. मी शिशाचा. फ्रेंच लोक शिशाला 'प्लों' म्हणतात, आणि ओळंब्याच्या दोरीसारखं सरळ उभं असेल त्याला 'आ प्लों'. पुढे बाका प्रसंग आला तरी जो डगमगत नाही, त्याच्या शांतपणालाही तोच शब्द चिकटला. इंग्रजांनी तो उचलून 'अप्लॉम्ब' केला. नळ दुरुस्त करणारा प्लंबरही आमच्याच शिशाच्या घराण्यातला. पण तो वेळेवर येत नाही, म्हणून आम्ही नातं फारसं सांगत नाही.

माझी उमेदीची वर्षं एका गवंड्याच्या हातात गेली. दोरी सोडली की मी आधी झुलायचो. "ठरू दे त्याला," तो म्हणायचा आणि थांबायचा. तो थकल्यावर त्याच्या लेकीबरोबर मी तिच्या सासरी आलो, आणि माझ्या नशिबी जावई आला.

जावईबापू घरातच मनःशांतीचे वर्ग घेतात. 'अप्लॉम्ब'चं मूळ त्यांना कळलं आणि त्यांनी मला सोनेरी रंग फासून (शी!) वर्गाच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. त्याच भिंतीला लागून त्यांच्या म्हाताऱ्या आत्याचा पलंग. भिंत वरून आत झुकलेली, म्हणून मी तिच्यापासून लांब लोंबू लागलो.

"हा वाकडा दिसतोय," जावई म्हणाले. लेक बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली, सांगणार कोण? त्यांनी गोंदाची बाटली उपडी करून मला भिंतीला चिकटवलं.

चिकटवलेला ओळंबा! मला माझीच किळस आली. पुढचं तर त्याहून ओंगळ.

"अरे, ही भिंत माझ्या अंगावर येतेय," आत्या म्हणायची.

"आत्या, तुझं मन अस्थिर आहे. ओळंबा बघ, कसा भिंतीला धरून आहे! म्हणजे भिंत सरळ. तू श्वास घे."

"घेतेय रे. म्हणून तर बोलतेय."

आणि मी तिथे गोंदात तोंड बुडवून खोटी साक्ष देत होतो.

एका दुपारी आत्या म्हणाली, "निदान पलंग तरी सरकवून दे." जावई भडकले. "मी लोकांना शांतता शिकवतो, आणि घरात मला हे ऐकायचं?" त्यांनी धाडकन दार आपटलं. मी सुटलो. झुललो, झुललो आणि ठरलो. आत्याने माझ्या आणि भिंतीच्या मध्ये बोटं घातली. चारही आरामात मावली.

"बोल, आता कुणाचं मन अस्थिर?"

जावई दारातून परत आले. माझ्या आणि भिंतीच्या मध्ये त्यांनी स्वतःचीही बोटं घालून बघितली. मग त्यांनी पलंग पलीकडे ओढला, आत्यासकट.

ती भिंत उतरवली. आता नवी चढते आहे, आणि लेक स्वतः माझी दोरी धरते. मित्रांनो, ओळंब्याला मोकळं लोंबू द्या. झुलला तर झुलू द्या, ठरायला वेळ द्या. घरातलं माणूस भिंत वाकडी आहे म्हणालं, तर आधी त्याचा पलंग सरकवा, उपदेश मागाहून करा.

आणि हो, सकाळपासून माझ्या दोरीवर जावईबापूंचा ओला मोजा वाळत घातलाय. तेवढा कुणीतरी काढा.